हायपोची पुडी

पारनेरच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर माझ्या फोटो स्टुडिओवरून रोज जात, पण आत कधी येत नसत. बोलताना आधी "हे बघा" म्हणत आणि स्वतः जमिनीकडं बघत.

बहात्तरच्या दुष्काळात एकदा ते धावतच आत आले.

"हे बघा, फोटो धुवायचा हायपो द्या. करपलेली कोवळी ज्वारी खाऊन गाय पडलीय. दवाखान्यातला संपलाय."

मी पुडी घेऊन बरोबर गेलो. गाय धापा टाकत होती.

"श्वास तर चाललाय," मी म्हणालो.

"ज्वारीतलं विष शरीरातल्या विकराला अडवून धरतं. मग घेतलेली हवा वापरताच येत नाही. हायपो त्या विषाला निकामी करतो."

त्यांनी द्रावण गाळून शिरेत सोडलं.

"उठंल का वो, डाक्टर?" मालकिणीनं विचारलं.

"हे बघा, मी कंपाउंडर आहे."

अर्ध्या तासानं गाय उठली. बाई पाया पडायला वाकली, तेव्हा ते गायीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.