साडेसातचे टायर

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी निरोप नवऱ्यालाच मिळायचा, “तुह्या बायकोले सांग, चहात साखर कमी टाक म्हणा.” मीही त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही, अशी घरची रीत होती. लग्नानंतर काही वर्षं मी ती मुकाट्याने पाळली. मग नव्वद सालानंतर कधीतरी आमच्या पिकअपला मोठे टायर बसवायचा विषय निघाला आणि मी ती रीत मोडली. मला त्याचं आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

पिकअप दोघा भावांनी मिळून घेतली होती, जुनीच. भासरे बोथला सरकारी कचेरीत कारकून होते, गाडी चालवायचा माझा नवरा. मी गुडीहत्नूरच्या पुढे एका मराठी शाळेत शिकवत होते, त्यामुळे सकाळी नवऱ्याशेजारची जागा माझी. भासऱ्यांना तीही खटकायची. तिथे भाड्याच्या दोन सवाऱ्या बसल्या असत्या, असं ते नवऱ्याला सांगत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आमचं गाव तेलुगू राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथपासून आत होतं. गावातून निघालं की काळ्या मातीची वाट, मध्ये एक नाला, आणि एकदा सडक लागली की थेट इंद्रवेल्लीच्या बाजारापर्यंत डांबर. पावसाळ्यात ती काळी माती चाकांना अशी लपेटायची की चाक जागच्या जागी फिरत राहायचं. मग सवाऱ्यांनी उतरायचं, ढकलायचं, कपडे खराब करून घ्यायचे आणि शिव्या आम्हाला द्यायच्या.

गावात दुसरी गाडी पाटलांच्या मुलाची होती. माझ्या सासऱ्यांनी त्या पाटलांच्या घरी वर्षाच्या बोलीवर सालदारकी करण्यात सगळा जन्म घालवला होता. पाटलांचा मुलगा आणि भासरे एकाच वयाचे. एक जण ओट्यावर बसून जेवायचा तेव्हा दुसरा खाली गोठ्यात शेण काढायचा. हे भासरे कधी विसरले नाहीत, आणि विसरायला हवं होतं असं मीही म्हणणार नाही. एका पावसाळ्यात त्या मुलाने आपल्या जीपला मोठे टायर चढवले. आमची गाडी नाल्याअलीकडे रुतलेली, सवाऱ्या चिखलात उभ्या, आणि त्याची जीप बाजूने आरामात पुढे आली. त्याने ती थांबवली, हात बाहेर काढला आणि आमच्याच सवाऱ्यांना विचारलं, “येता का?” निम्म्या चढल्या. भासरे त्या दिवशी आमच्या गाडीत होते. ते खाली उतरून गाडी ढकलत होते.

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला फर्मावलं, “सहाचे टायर काढ. साडेसातचे लाव.”

सहा आणि साडेसात हे टायरचं माप. साडेसातचा टायर रुंद असतो तसाच उंचही. नवऱ्याने शांतपणे समजवायचा प्रयत्न केला.

“दादा, चिखलात फायदा होईल, मी नाही म्हणत नाही. पण चाक मोठं झालं का गाडीची ओढ कमी होते. भरल्या गाडीनं चढ चढाले जड जाते. स्टेअरिंग जड होईल. अन् ब्रेक तं तेच राह्यतील. थांबाले जास्त जागा लागंल.”

“मंग हळू चालव.”

यावर माझा नवरा गप्प बसला. त्याचा हा गप्प बसण्याचा स्वभाव मला त्याच्या भावाच्या बोलण्यापेक्षा जास्त चीड आणायचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, “आपला रस्ता डांबराचा जास्त अन् चिखलाचा थोडासा आहे. त्या थोड्यासाठी सगळ्या वर्षाचं नुकसान काऊन करायचं?”

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुह्या बायकोले सांग, गणित शाळेत शिकव म्हणा.”

“मी तुमच्याशीच बोलून राह्यली,” मी म्हटलं.

माझ्या जावेने हातातलं भांडं खाली ठेवलं. भासरे उठून बाहेर गेले. त्यानंतर माझ्या हातचा चहाही त्यांनी घेतला नाही, आणि मी तो पुन्हा पुढे केलाही नाही.

पुढच्याच रविवारी ते भावाला घेऊन आदिलाबादला गेले आणि साडेसातचे टायर बसवून आले. जुने टायर त्यांनी तिथल्या तिथे विकून टाकले. ते नेमके याचसाठी विकले की उद्या कोणी “परत लावू” म्हणू नये. मिस्त्री हिंदीत बोलणारा, तोंडात कायम पान. तो कशालाच नाही म्हणत नव्हता. “क्या बी नै होता साब, मैं है ना,” हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

त्यानंतर आमची गाडी महिन्यातून दोनदा त्याच्याकडे जाऊ लागली. चाक पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचा, म्हणून मिस्त्रीने मडगार्डची कड कापली. मग त्या कापलेल्या जागेतून चिखल थेट दारावर उडू लागला. माल भरला की मागची बाजू खाली बसायची आणि टायर वरच्या पत्र्याला लागायचा, म्हणून त्याने कमानीत जास्तीचे पाटे घातले. पाट्यांनी गाडी आणखी उंच झाली आणि रिकामी असली की नुसती आदळायची. माझी कंबर शाळेत पोचेपर्यंत बधिर व्हायची. एकाचा इलाज केला की दुसरं दुखणं निघायचं, आणि दर वेळी मिस्त्री म्हणायचा, क्या बी नै होता.

उंचीचा त्रास सगळ्यात जास्त बायकांना झाला. बाजाराला जाणाऱ्या आदिवासी बायका डोक्यावर मोहफुलांच्या, चारोळीच्या टोपल्या घेऊन सडकेवर उभ्या असत. पूर्वी मागचा फाळका पाडला की त्या एका पावलात आत यायच्या. आता त्यांना गुडघ्यावर लुगडं ओढून चढावं लागायचं, आणि आतली माणसं बघत बसायची. काही दिवसांनी त्या आमची गाडी आली की दुसरीकडे तोंड फिरवू लागल्या. भासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते नवऱ्याला म्हणाले, “एक स्टूल ठेव.” स्टूल ठेवलं. ते बाजारातून कोणीतरी उचलून नेलं.

इंद्रवेल्लीच्या वाटेवर गाड्या थांबवणं तेव्हा नेहमीचंच होतं. तिथे आदिवासींच्या सभेवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराला दहा वर्षं उलटली तरी त्या रस्त्यावर चार माणसं एका गाडीत दिसली की पोलीस हात दाखवायचे. नव्या टायरांनंतर जंगल खात्याच्या नाक्यावरही आम्ही अडकू लागलो. उंच गाडी, जाड टायर, म्हणजे रात्रीची चोरटं सागवान ओढत असणार, असा त्यांचा हिशेब. टोपल्या खाली उतरवायच्या, पत्र्यावर काठी वाजवून पाहायची. माझी शाळेची पहिली घंटा कितीदा चुकली. हेडमास्तर तेलुगूत बोलायचे, पण त्यांचा टोमणा समजायला मला भाषेची गरज नव्हती.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, टायर चिखलात चालले. पुढच्या पावसाळ्यात नाल्याअलीकडे पाटलांच्या मुलाची जीपही थबकली होती. पाण्यामुळे उतार निसरडा झाला होता. आमची पिकअप गुरगुरत गेली आणि पलीकडच्या काठावर चढली. भासऱ्यांनी मला उद्देशून त्या वर्षातलं पहिलं वाक्य उच्चारलं, तेही समोरच्या काचेकडे बघत, “आता सांग म्हणा गणित.” गाडी चढली होती, त्याला मी काय बोलणार? पण मला त्यांचा आनंद बघवला नाही, हेही तितकंच खरं.

कापसाच्या पहिल्या वेचणीला आम्ही गाडी भरून निघालो. मागे कापसाची गाठोडी, त्यावर गावातले दोघे-तिघे, पुढे नवरा, मध्ये मी आणि दाराकडे भासरे. बोथ सोडल्यावर एक लांब उतार लागतो. खाली एक बस सवाऱ्या घ्यायला मधोमध उभी राहिली. नवऱ्याने वरूनच ब्रेक दाबायला सुरुवात केली होती. पूर्वी एवढ्यात गाडी थांबली असती. ती थांबेना. बसचा मागचा पत्रा समोर मोठा होत गेला. नवऱ्याने स्टेअरिंग पूर्ण डावीकडे ओढलं, टायर पुढच्या कमानीच्या पाट्याला जाऊन घासला, तिथेच अडकल्यासारखा झाला, आणि स्टेअरिंग परत उजवीकडे येईना. आम्ही रस्ता सोडून चारीत उतरलो आणि एका बाभळीला लागून थांबलो.

मागची माणसं गाठोड्यांवर पडली म्हणून वाचली. माझ्या कपाळातून रक्त आलं. भासऱ्यांचा हात दारात सापडून मनगटातून मोडला. ते खाली उतरले, मोडका हात पोटाशी धरून माझ्यासमोर आले, आणि या वेळी मात्र सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलले.

“तूच. रोज पुढं बसते, रोज नाट लावते. पांढऱ्या पायाची हायेस तू.”

“माझे पाय गाडीत होते,” मी म्हटलं. “ब्रेकवर नव्हते, अन् टायर विकत घ्यायलाही गेले नव्हते. जे होणार म्हणून मी सांगितलं, तेच झालं. तुम्हाला पाटलाची जीप दिसत होती, रस्ता दिसत नव्हता.”

“पाटलाचं नाव घेऊ नोको.”

“घेईन. त्याच्यासाठीच तर हे सगळं केलं तुम्ही.”

त्यांनी चांगला हात उगारला. तो माझ्यापर्यंत आला नाही, कारण माझा नवरा मध्ये आला. त्याने भावाला धक्का दिला नाही, की शिवी दिली नाही. किल्ली काढली आणि भावाच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. “दादा, आजपासून गाडी तुही. मी चालवत नाही,” तो म्हणाला, आणि मला घेऊन त्याच बसमध्ये चढला. बसमध्ये मी त्याला विचारलं, “हे त्या दिवशीच काऊन नाही म्हटलं?”

पुढच्या महिन्यात घर वेगळं झालं. चुली दोन झाल्या, अंगणात तुराट्यांचा कूड आला. भासऱ्यांनी पगारी ड्रायव्हर ठेवला. तो टिकला नाही, दुसराही गेला. आणि माझ्या नवऱ्याने, मला न विचारता, पाटलांच्या मुलाची जीप चालवायला घेतली.

हे मला भासऱ्यांच्या बोलण्याहून जास्त लागलं. “सासऱ्यांनी ज्या घरी जन्म काढला त्याच घरी?” मी विचारलं.

“मी सालदार नाही. डायव्हर हाव,” तो म्हणाला.

“तो तुला पाणी कशात देतो ते सांग आधी.”

त्याने सांगितलं नाही, आणि मला कळायचं ते कळलं. मी त्याचा डबा करणं बंद केलं. तो बाजारात खाऊन येऊ लागला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो वेगळंच काही सांगत आला. पाटलांच्या मुलाने जीपचे मोठे टायर उतरवायला लावले होते. ते पावसाळ्यापुरतेच असायचे. पावसाळा संपला की जुने टायर परत चढायचे आणि मोठे गोठ्यात टांगले जायचे. शिवाय त्याने मागच्या चाकांना फिरवणारा मोठा गिअरही बदलून घेतला होता, म्हणून त्याची ओढ कमी पडत नव्हती. भासऱ्यांना फक्त जीप नाला ओलांडताना दिसली होती. बाकीचं बघायला त्या घरी जावं लागलं असतं आणि ते जाणार नव्हते. मी नवऱ्याला म्हटलं, “जाऊन सांग भावाला.” तो म्हणाला, “तूच सांग.” आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. मला तर त्यांना काही सांगायची इच्छाच उरली नव्हती.

भासऱ्यांनी पिकअप शेवटी मुधोळकडच्या एका माणसाला विकली, टायरांसकट. नवरा एक पावसाळा पाटलाकडे राहिला, मग एका शिवीवरून जीप रस्त्यात सोडून चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी तो काम शोधायला निघाला तेव्हा मी त्याचा डबा पुन्हा भरला. पुढे तो सरकारी बसवर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला.

पुतणीच्या लग्नात भासरे मांडवात चार पाहुण्यांना सांगत होते, “साडेसातचे टायर होते आपल्या गाडीले. नाल्यातून अशी जाये का पाटील पाहातच राहे. पण घरातल्यांनी टिकू देली नाही.”

मी वाढायला उभी होते. वाढायचं भांडं तसंच हातात धरून मी म्हटलं, “बाभळीचंही सांगा त्यांना.”

पाहुण्यांनी विचारलं, कोणती बाभूळ? भासऱ्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला हाक मारली, “तुह्या बायकोले सांग, वरण वाढ म्हणा.”

मी वरण वाढलं, आणि पाहुण्यांना सगळं सांगितलं.