बोर्डवर तेव्हा कोण बसलं होतं?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सोसायटीच्या गेटवर कुणी उतारा टाकला, तर त्यातलं लिंबू उचलून सरबत करणारी बाई आहे मी. नवरा म्हणतो, तुला बघून भुतंच पळतील. तरीही हे लिहितेय... हसायचं तर हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरचा प्रत्येक फोन आधी माझ्या बोर्डवर यायचा, मग मी आत जोडून द्यायचे. खोली एवढीशी, पण एसी फर्स्ट क्लास – अर्थात मशीनसाठी, माझ्यासाठी नाही.

त्या वर्षी आमच्या लाइनवरून कुणीतरी परदेशात फोन करायला लागलं. बिल बघून जीएम साहेबांचं डोकं फिरलं. बोर्ड माझ्या हातात, म्हणजे चोर मीच! शेवटी पुण्याहून पाटणकर नावाचे इंजिनिअर आले आणि त्यांनी भानगड शोधून काढली. एक माणूस बाहेरून फोन करायचा, "टेलिफोन खात्यातून बोलतोय, लाइन टेस्टिंग चालू आहे, नऊ-शून्य दाबून ट्रान्सफर करा." तसं केलं की कंपनीची लाइन त्याच्या हातात. मग तो खुशाल दुबईला गप्पा मारणार, बिल आमच्या नावावर.

पाटणकरांनी मला पढवलं – असा फोन आला तर नाव-नंबर विचारायचा, "मी उलट फोन करते" म्हणायचं, काहीही दाबायचं नाही. जीएम साहेबांनी वर दम भरला, "पुन्हा असं झालं किंवा बोर्ड रिकामा दिसला, तर त्याच दिवशी घरी." नवऱ्याचं न्हावा शेवा बंदरातलं काम नुकतंच सुटलं होतं, तो दिवसभर काम शोधत फिरायचा, आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. नोकरी गेली असती तर आम्ही रस्त्यावर आलो असतो.

आणि पुढच्याच आठवड्यात, भर सकाळी, नावड्याहून पाळणाघरवाल्या काकूंचा फोन, माझा मुलगा दिवसा त्यांच्याकडे असायचा. शेजारच्या पीसीओवरून. "बाय, पोराला आकडी आयली. तू ये बेगीन."

माझ्या जागी बसणारी मुलगी रजेवर होती. साहेब मीटिंगमध्ये. म्हटलं नोकरी गेली खड्ड्यात... खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गेटवरून रिक्षा पकडली. रिक्षात बसल्यावर आठवलं की आपण कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, व्हिजिटला गेलेले. पोरगं माझ्या मांडीवर, अंग ताठ, डोळे पांढरे. सिस्टर कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी नुसती रडत होते. खरं सांगते, आता हा जातो, असंच वाटलं मला. बारा वाजून गेल्यावर डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने तो शांत झोपला.

दुपारी निरोप मिळून नवरा आला, त्याला मुलापाशी बसवून मी कंपनीत परतले. गेटवरच निरोप – साहेबांनी बोलावलंय. झालं, म्हटलं, बिऱ्हाड आवरा.

केबिनमध्ये पाटणकर बसलेले. चक्क हसत होते. "मॅडम, मानलं तुम्हाला. साडेअकराला तो फोन मीच केला होता, इथूनच, बाहेरच्या लाइनवरून. टेस्ट घ्यायची होती. किती ओरडलो तुमच्यावर, कंप्लेंट करीन म्हणालो, पण तुम्ही नऊ-शून्य काही दाबलं नाहीत."

जीएम साहेब म्हणाले, "मी स्पीकरवर ऐकत होतो. आता तुझ्याबद्दल शंका नाही."

साडेअकराला मी दवाखान्यात होते. बाहेर येऊन खोली बघितली तर कुलूप तसंच. दुसरी किल्ली गेटवर असायची, तिथला हवालदार म्हणाला, "ती कुणी मागितलीच नाय, ताई." रजेवरची मुलगी तर सांगलीला होती.

जाताना पाटणकर पोर्चमध्ये भेटले. "मुलगा कसा आहे आता?"

मी गारच पडले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! शेवटी मी माझं नाव सांगितलं, तर म्हणालात, 'साहेब, ठेवा आता, पोरगं आजारी आहे माझं. पण थोड्या वेळाने झोपेल तो. घाबरायचं कारण नाही.'"

तेव्हा डॉक्टर आलेसुद्धा नव्हते हो.

पाटणकरांना मी खरं काय ते सांगितलं नाही, साहेबांनाही नाही. मुलगा आज स्वतः बाप झालाय. कोण बसलं होतं बोर्डवर, कशी बसली, का बसली – मला आजही सांगता येत नाही. जी कुणी होती ती भली होती, एवढं नक्की. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं... माझ्याच आवाजात कुणीतरी धीर देत होतं, आणि ज्या बाईला त्या धीराची गरज होती, ती तिकडे दवाखान्याच्या बाकावर बसून एकटीच रडत होती.