तक्रारदाराचे समाधान झाले आहे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग मले बोलू द्या. कारण जे झालं, त्यात माही चूक होती हे मी आजही मानत नाही!

मी सरकारी ऑफिसात बाबू. आमच्याकडे साध्या माणसाचा अर्ज आला का तो आरामात पडून राहते. पण आमदाराचं पत्र आलं का साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्याइले घाम! त्यात अधिवेशन इथंच नागपुरात. आमदारानं सभागृहात विचारलं तर? म्हणून उत्तर संध्याकाळच्या आत पाहिजे. काम नाही हो, उत्तर! अन् उत्तर लिहिण्यात माह्यासारखा वस्ताद अख्ख्या ऑफिसात नाही.

त्या दिवशी पत्रांचा ढीग. एक पत्र होतं रस्त्यावरच्या गटाराच्या उघड्या चेंबरचं. पहिली ओळ वाचली अन् हात आपोआप चालला: 'समक्ष पाहणी केली असता चेंबर सुस्थितीत आढळले. तक्रारदाराचे समाधान झाले आहे.' साहेबांनी सही केली, पत्र गेलं, मी चहाले गेलो.

दुसऱ्या दिवशी आमदाराच्या पीएचा फोन. साहेब पांढरेफटक!

"अबे, आमदार स्वतः जागेवर येऊन राहिले! ती चेंबरवाली बाई म्हणते, माहं समाधान कधी झालं ते दाखवा!"

"घाबरता काहून साहेब? अशा लय बाया पाहिल्या. मी समजावतो तिले. चला!"

गाडी प्रताप नगरात शिरली. मले वाटलं, वा, जेवायले घरी जाता येईल. गाडी आमच्या गल्लीत वळली. मले वाटलं, ड्रायव्हर चुकला. गाडी माह्याच फाटकासमोर थांबली!

समोर आमदार. बाजूले माही बायको सुषमा, हातात माह्याच उत्तराची प्रत. मागं ओट्यावर पायाले पट्टी बांधून माही आई.

आता तुम्ही म्हणाल, घरासमोरचं चेंबर तुले माहीत नव्हतं का गा? होतं ना! रोज त्याच्यावरून उडी मारूनच तर ऑफिसात जात होतो. आई त्यातच पाय जाऊन पडली, तेव्हापासून तिचं घराबाहेर निघणं बंद. सुषमा रोज म्हणे, झाकण बसवून घ्या. मी म्हणे, रीतसर जा, घरच्यांसाठी मी वशिला लावत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

"काहून वं, आमदाराकडे गेली?"

"तुम्हीच म्हटलं रीतसर जा. गेली."

"समक्ष पाहणी कोणी केली?" आमदारानं विचारलं.

साहेबांनी माह्याकडे बोट दाखवलं. मी काय घाबरतो? छाती काढून म्हटलं, "मी! रोज करतो! उडी मारताना!"

संध्याकाळपर्यंत झाकण बसलं. आई काठी टेकत आली, झाकणावर उभी राहून पाय दाबून पाहिला, अन् शेजारणीकडे निघूनही गेली. मी ताठ मानेनं घरात शिरलो.

"पाहिलं? माह्या उत्तरामुळंच झाकण बसलं! खरं लिहिलं असतं तर बसलं असतं का लवकर?"

सुषमानं पाट मांडला. मी पाटावर बसलो. समोर रिकामं ताट.

"जेवण वं?"

"समक्ष पाहणी केली असता नवरा जेवलेला आढळला," ती म्हणाली. "तक्रारदाराचे समाधान झाले आहे."