भिंतीवरचं न्हाई

विंझरची भिंत संपवून शिडीवरून उतरलो, तर समोरच्या टपरीवरून एक जण ओरडला, "पेंटरनाना, पुन्हा दारूबंदी आली का?"

मी वर बघितलं. हातभर उंचीची अक्षरं. 'नाही म्हणजे नाही.' खाली, 'येत्या वेल्ह्याच्या बाजारात.' एक वेलांटी चुकलेली नव्हती.

ही कॉमिकची जाहिरात होती. कॉमिक म्हणजे चित्रांतली गोष्ट. माणसांच्या तोंडातून फुगे निघतात, फुग्यात त्यांचं बोलणं. हे कॉमिक गुंजवण्याच्या वर्षा नावाच्या पोरीनं काढलेलं. धरणासाठी घर सोडत नाही म्हणणाऱ्या एका म्हातारीचं. छापलंही तिनंच. दुकानदार ठेवून घेईनात. पण मोबाईलवर पहिली चार पानं वाचून गावोगावची माणसं तिला म्हणाली, आमची भिंत घे. कुणी घराची दिली, विंझरच्या गजाबापूंनी गोठ्याची. रंगवायला मी. पहिला भाग बाजारात खपला तरच दुसरा निघणार होता, आणि म्हातारीचं पुढं काय झालं ते दुसऱ्यात होतं. मलाही ते हवं होतं.

ही तिसरी भिंत. आधीच्या दोन्हीकडंही असंच झालेलं. मार्गासनीत तर एकानं सरकारी योजना समजून विचारलं, फॉर्म कुठं भरायचा? टपरीवरून आलेला माझा चहा निवून गेला.

तेवढ्यात वर्षा स्कुटीवरून आली. भिंत बघून तिचा चेहरा पडला.

"नाना, म्या कागदावर काय लिहून दिलं व्हतं?"

"न्हाई म्हंजी न्हाई. अशुद्ध होतं. मी सुधारलं."

"आवो, ते कॉमिकचं नाव हाय!"

"नाव आहे म्हणून चुकीचं लिहायचं?"

माझं शिक्षण चौथी. भोरला पहिला बोर्ड रंगवला तो एका वकिलाचा. 'दुपारी भेट होणार न्हाई.' त्यानं चार माणसांत हसून परत दिला. त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून शंका आली की आधी शाळेतल्या मास्तरांना विचारतो, मगच दोरी मारतो. दोरी मारायची म्हणजे नीळ लावलेली सुतळी ताणून भिंतीवर फटकारायची, सरळ रेघ उमटते. या शब्दांना मास्तरांची गरजच पडली नव्हती.

गजाबापू गोठ्यातून बाहेर आले. "नाना, ती म्हातारी आमच्या आत्यावानी बोलती म्हून भिंत दिली. ह्यो तर तहसीलदार बोलतोय."

"नाना, पुसा आन् लिवा की परत," वर्षा म्हणाली.

"माझ्या हातानं अशुद्ध? जमणार नाही."

"परवा बाजार हाय, नाना. लोकं दारूबंदी समजून घरी बसतील."

"बसू देत."

"नाना, पाया पडते..."

मी ब्रश डब्यात आपटला. "एकदा सांगितलं ना? न्हाई म्हंजी न्हाई!"

गजाबापूंना हसू आवरेना.

"आत्ता कशी आत्या बोलली!"

चाळीस वर्षं हातातून घालवलेलं तोंडात तसंच बसलेलं.

ऑइल पेंट ओला असताना पुसला तर भिंतभर पसरतो. वर पांढरा द्यायचा तर आधी वाळायला हवा. मी लाल डबा उघडला. मास्तर वहीवर मारायचे तशी आडवी काट मारली आणि वर लिहिलं, न्हाई म्हंजी न्हाई. लाल थोडा ओघळला. राहू दिला.

गजाबापूंनी फोटो काढून सगळ्यांना धाडला. मी मागच्या दोन भिंती काटून येईपर्यंत पुढच्या भिंतवाल्यांचे फोन. "नाना, आमच्याकडं बी आधी चुका, मग काटा."

बाजाराच्या दिवशी मी वर्षाच्या टेबलामागं उभाच. येणारा विचारी, "ती काट मारलेली म्हातारी हितंच का?" दुपारच्या एसटीआधी गठ्ठा संपला. दुसरा भाग निघतोय.

धडा एवढाच, की दुसऱ्याच्या तोंडातला शब्द सुधारण्याआधी आपल्या तोंडात काय आहे ते बघावं. बाजाराची खालची ओळ मात्र मी शुद्धच ठेवली आहे. ती बदला म्हणून कुणी आलं, तर माझं उत्तर वरच्या ओळीत लिहिलेलं आहे.