सिंदेवाहीची बर्फगाडी

आमच्या सिंदेवाहीत बर्फ दोनच ठिकाणी बघायला मिळतो: मासळीवाल्याच्या थर्माकोलच्या पेटीत, नाहीतर लग्नातल्या सरबताच्या पिंपात. उन्हाळ्यात इथे डांबराला चप्पल चिकटते. अशा गावातून आम्ही बहीणभावांनी बर्फावर चालणारी गाडी विकायला काढली, हे मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच पाण्याचा ग्लास पुढे करतो.

माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. फवारणीचे पंप, इंजिनाचे पट्टे, नळ्या, नटबोल्ट. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली मुलगी दुकानात बसली म्हणून लोक आधी हळहळले, मग उधारीवर पंप न्यायला लागले. भाऊ माझ्यापेक्षा मोठा. तो घुग्घुसच्या कोळसा खाणीत बेल्टवर होता. कोळसा वाहून नेणारा तो लांबच लांब रबरी पट्टा तुटला की जोडायचा, हे त्याचं काम. पुढे पाठीचं दुखणं लागलं, तशी त्याने नोकरी सोडली आणि गावी येऊन खाटेवर पडला. पडून पडून कंटाळला, तेव्हा भंगारातून जुना बेल्ट उचलून आणला.

"याचं काय करतं?" मायने विचारलं.

"पाहू," भाऊ म्हणाला.

त्या 'पाहू'तून पावसाळ्याच्या तोंडाशी एक गाडी निघाली. जमिनीला टेकणारी चाकं नाहीत, दोन्ही बाजूंना आतल्या लहान चाकांवर ताणलेले बेल्टचे रुंद पट्टे, मधे जुन्या पॉवर टिलरचं इंजिन, वर बसायला फळी आणि मागे माल ठेवायला लोखंडी जाळी. रणगाड्याच्या घरातला एखादा गरीब नातेवाईक दिसावा तशी दिसायची. रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत चिखलात पोटरीपर्यंत पाय रुततात. तेव्हा रोपांच्या पेंढ्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पोचवायला ही गाडी कामाची, असा भाऊचा हिशेब होता.

पहिल्या दिवशी राइस मिलवाले काका नारळ घेऊन आले. आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. मायने बुद्धवंदना घेतली. काकांचं मन मोडायला नको म्हणून नारळही फुटला. एवढा दोन्हीकडून बंदोबस्त करूनही गाडी चालू झाली नाही, कारण भाऊ टाकीत डिझेल टाकायला विसरला होता.

डिझेल टाकल्यावर मात्र ती बांधीत मस्त चालली. अडचण एवढीच की चालताना मागे चिखलाचा फवारा उडवायची. रोवणा करणाऱ्या बायांनी तोंडं पुसली आणि भाऊला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी गाडी पिकअपवर घालून आरमोरीच्या बाजारात नेली. लोक जमले, टायर कुठे आहेत म्हणून वाकून बघून गेले, एका जोडप्याने वर बसून फोटो काढले. ट्रॅक्टर असताना हे कायले पाह्यजे, असं सगळ्यांचं एकमत झालं. त्या दिवशी माझे फवारणीचे पंप तेवढे खपले.

त्याच आठवड्यात एक पाहुणा वाघ बघायला आला. भर पावसाळ्यात वाघ बघायला येणाऱ्या माणसाला वाघ काय दिसणार? त्याला दिसला आमच्या बांधीचा बांध. त्याची मोटार रस्त्यावरून घसरून थेट धानात उतरली होती. भाऊने गाडी आणली, बेल्टचा तुकडा मोटारीला बांधला आणि ओढून काढली. पाहुणा उतरला. आभार वगैरे काही नाही. तो पावसात उकिडवा बसून आमच्या पट्ट्यांना बोटं लावून बघत राहिला.

"ये बर्फ में चलेगी?" त्याने विचारलं.

भाऊने जन्मात बर्फाळ डोंगर पाहिला नव्हता. तो म्हणाला, "चलेगी क्यूं नाई?"

पाहुणा हिमाचलमधला सफरचंदवाला निघाला. दुकानात बसून, माझा चहा पीत त्याने सगळं सांगितलं. त्यांच्याकडे हिवाळ्यात वरच्या वस्त्यांचे रस्ते बंद होतात. गॅसचं सिलिंडर, गुरांचा चारा, आजारी माणूस, सगळं पाठीवर. बर्फावरच्या गाड्या मिळतात, पण त्या परदेशी. एकीच्या किमतीत घर उभं राहील. "मोटरसायकलच्या दामात देत असाल," तो म्हणाला, "तर एक गाडी मी घेतो, आणि बाकीची गिऱ्हाइकं दाखवतो."

तो गेल्यावर मी भाऊवर चढले. "बर्फात चालते म्हणून तुले कोणी सांगितलं?"

"चिखलात चालते न?"

"चिखल आन बर्फ एकच आहे का?"

"दोन्हीत पाय रुतते," भाऊ म्हणाला. त्याच्या बाजूने विषय संपला होता.

आता चाचणी घ्यायची तर बर्फ आणायचा कुठून? राइस मिलच्या मागे तुसाचा डोंगर असतो. धानाचं तूस: हलकं, भुसभुशीत, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. आम्ही तिथे गाडी चढवली. अर्ध्या वाटेवर तूस इंजिनाच्या नाकात गेलं, इंजिन खोकलं आणि गाडी भाऊसकट तुसात बसली. मिलमधले सगळे काम सोडून बघायला आले. मी खालून ओरडत होते, भाऊ वरून ओरडत होता, आणि काकांना नारळ वाया गेल्याचं दुःख झालं. मग इंजिनाच्या हवेला जाळी लावली, पट्टे आणखी रुंद केले, त्यावर आडव्या रबरी पट्ट्या ठोकल्या. दिवाळीपर्यंत गाडी त्या डोंगरावर बकरीसारखी चढायला लागली. आमच्या कानांतून मात्र कितीतरी दिवस तूस निघत होतं.

थंडीची चाचणी मासळीवाल्याच्या फ्रीजरमध्ये झाली. बेल्टचा तुकडा त्याने रोहू-कतल्याच्या शेजारी ठेवून दिला. बाहेर काढून वाकवला तर कडकन चिरला. खाणीतला बेल्ट उन्हात वाढलेला, त्याला थंडी कशी सोसणार? मग मी नागपूरला जाऊन थंडीत न चिरणारं रबर शोधलं. दुकानदाराने विचारलं, "कोणत्या फॅक्टरीसाठी?" मी सांगितलं, "बर्फगाडीसाठी." तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगा." तो तुकडाही फ्रीजरमध्ये गेला. तो चिरला नाही. पण मासळीवाल्याने पुढे दरवेळी मला बघून 'काय ताई, आज काय ठेवू?' असं विचारायचं काही सोडलं नाही.

सफरचंदं घेऊन आलेला एक ट्रक रिकामा परत चालला होता, त्यात गाडी चढवली. आम्ही दोघं रेल्वेने आणि पुढे बसने गेलो. मायने आम्हाला एवढे स्वेटर घातले होते की भाऊला हात खाली सोडता येत नव्हते.

बर्फ पहिल्यांदा बघून मला काहीतरी थोर वाटेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी बसमधून उतरले आणि आपटले. भाऊ हसला, पुढे आला आणि तोही आपटला. आमच्या कंपनीचा पहाडातला प्रवेश असा झाला.

पाहुण्याच्या अंगणात गाडी झकास फिरली. ताज्या बर्फावरून ती रांगत चालली तशी वस्तीतली माणसं घराघरांतून बाहेर आली. माझी छाती फुगली. तेवढ्यात खालून एक म्हातारबुवा धापा टाकत आले. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, वरात निघायची होती, रात्रभर बर्फ पडून वाट बुडाली होती आणि नवरीचं घर वरच्या वस्तीत होतं. वऱ्हाडी चालत जातील, पण नवरदेवाला त्या पोशाखात कंबरभर बर्फातून कसा नेणार?

"ले चलते है," भाऊ म्हणाला. मी त्याची बाही ओढली. ही चाचणीची गाडी, त्यात कोणाचा नवरदेव बसवायचा आणि वाटेत काही झालं तर? पण लोकांनी तोवर जाळीवर गालिचा अंथरला होता.

नवरदेव फेटा सांभाळत मागे बसला. कमरेला तलवार. पुढे भाऊ, कानटोपी आणि स्वेटरांच्या थरांत. मागे, पट्ट्यांनी दाबलेल्या वाटेवर, ढोल आणि नाचणारी माणसं. अर्धी चढण छान गेली. मग गाडी रडायला लागली. पट्टा आणि चाकांच्या मधे बर्फ दाबून दाबून दगडासारखा झाला आणि डावा पट्टा चाकांवरून निसटून तिरपा अडकला. ढोल थांबले.

चिखल आपोआप गळून पडतो, तूस उडून जातं. बर्फ आत बसला की बसतोच. हे सिंदेवाहीत आम्हाला कोण सांगणार होतं?

मला वाटलं, आता आपली वरात निघते. नवरदेव खाली उतरला. त्याची नाकपुडी थरथरत होती; थंडीने की रागाने ते कळलं नाही. त्याने तलवार उपसली. मी एक पाऊल मागे सरकले. तर तो वाकून तलवारीच्या टोकाने पट्ट्याच्या आतला बर्फ खरवडायला लागला! वरून खुपसायचा, पण मधे रबर. बर्फ बाहेर पडायला वाटच नाही. "छेद होता तो निकल जाता," तो वैतागून म्हणाला.

भाऊने त्याच्याकडे पाहिलं. मग पट्ट्याकडे. मग पिशवीतून बेल्ट कापायचा सुरा काढला.

"भाऊ, नवा बेल्ट आहे!" मी ओरडले.

"त ठेव न कपाटात," भाऊ म्हणाला आणि कापायला बसला.

म्हातारबुवांनी त्याच्यावर छत्री धरली. ढोलवाल्यांनी शेकोटी केली. नवरदेव तलवारीने बर्फ उकरतोय, भाऊ पट्ट्याला खिडक्या कापतोय आणि मी पाना घेऊन चाकं ताणतेय, असं ते चित्र होतं. पट्टा पुन्हा चढवला. गाडी निघाली, आणि त्या खिडक्यांमधून बर्फ किसल्यासारखा बाहेर गळायला लागला. वऱ्हाड असं काही ओरडलं की नवरीकडच्यांना वाटलं, भांडण झालं. लग्नाचा मुहूर्त टळला होता. भटजींनी दुसरा काढला. त्यात कोणालाच विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याच्या घरात शेगडीभोवती माणसं जमली आणि माझी पाळी आली. गाडी कुठे बनते? चंद्रपूर जिल्ह्यात. तिथे किती बर्फ पडतो? पडत नाही. मग थंडी किती? तीही बेताचीच. ऊन मात्र भरपूर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"उन्हातल्या लोकांची बर्फगाडी कोण घेणार?" एकाने विचारलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे सफरचंदाचं एक झाड नाही. तरी आम्ही तुमची सफरचंदं खातोच ना?"

हसले. पण पाहुण्याने आधी ठरवलेली सोडली तर घेतली कोणीच नाही. हसणं आणि घेणं यांत फार अंतर असतं, हे मला दुकानातूनच ठाऊक होतं.

कोपऱ्यात एक बाई इतका वेळ गप्प बसली होती. माझ्या मायच्या वयाची. तिच्याकडे गाई होत्या आणि ती दूध खालच्या गावात घालायची; हिवाळ्यात पाठीवर कॅन घेऊन. ती म्हणाली, "बिगड़ेगी तो ठीक कौन करेगा?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "मैं हूं ना इधर."

"कब तक?"

"बर्फ है तब तक."

बाईने गाडी घेतली. मी भाऊला बाहेर ओढला. "तू इथी राह्यशील? मायले कोण सांगन?"

"तूच सांग न बाई," तो म्हणाला. "विकायचं काम तुयं आहे."

मायला फोनवर सांगितलं. तिने भाऊला फोन द्यायला लावला आणि जे सुनावलं ते शेगडीभोवतीच्या सगळ्यांना भाषा न कळताही कळलं. भाऊ राहिला. गावातल्या लोहाराला त्याने पट्टा कापायला, जोडायला शिकवलं. लोहाराने त्याला बर्फावर चालायला शिकवलं. त्या हिवाळ्यात आणखी काही गाड्या गेल्या. एक ओढ्यात बुडाली. एक परत आली, कारण घेणाऱ्याच्या बायकोला तिचा आवाज सोसवेना. पण दूधवालीची चालत राहिली, आणि तिच्याकडे बघून लोक घेत राहिले. माझ्या बोलण्याने एकही विकली गेली असेल असं मला वाटत नाही. रस्त्यावर चालवायची नाही, असं मी प्रत्येकाला बजावते. प्रत्येक जण मान हलवतो आणि रस्त्यावर चालवतो.

आता दुकानामागे शेड आहे. उन्हाळ्यात, पत्रा तापलेला असताना, आम्ही घामाने निथळत बर्फाच्या गाड्या जोडतो. हिमाचलची लेबलं लावा, मग आपल्याकडेही खपतील, असा सल्ला काकांनी दिला होता. लेबल न लावताच आरमोरीकडच्या दोघांनी यंदा रोवण्यासाठी नेल्या. मागे चिखल अडवायला पत्रा बसवून दिला. बायांशी पुन्हा वैर नको.

गेल्या हिवाळ्यात मायही आमच्यासोबत आली. भाऊ दरवर्षी तिथे काय करतो ते तिला स्वतः बघायचं होतं. दूधवालीने तिला शेगडीपाशी बसवलं, काहीतरी गरम खायला दिलं आणि दोघी बोलत बसल्या. माय आमच्या झाडीबोलीत बोलत होती, बाई पहाडीत. दोघींचं काहीच अडलं नाही. दुपारी बाई कॅन घेऊन निघाली तशी मायही मागे जाळीवर चढून बसली. मी जाऊ नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. दोघींना परत यायला संध्याकाळ झाली. दूध वेळेवर पोचलं होतं. उशीर परतीत झाला, कारण मायने चालवायला मागितली होती.