शकुबाई लायटर निवडतात

"काका, तेवढा गॅस पेटवून द्या."

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ही हाक यायची. त्या वेळी माझ्या हातात पेपर असायचा आणि चष्मा नुकता नाकावर बसलेला असायचा. मी उठायचो, चपला शोधायचो, आत जाऊन गॅस पेटवायचो आणि परत येऊन बसायचो. दोन बातम्या वाचून होतात न होतात तोच पोळ्यांच्या तव्यासाठी दुसरी हाक. कणीक मळलेली, भाजी चिरलेली, पोळपाट मांडलेला, आणि बाई नुसता गॅस तेवढा पेटवणार नाहीत. त्यासाठी विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने उठायचं. दीड महिना हे चाललं होतं आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

शकुबाई आमच्याकडे नऊ वर्षं स्वयंपाक करतात. माहेर वणीजवळच्या एका गावातलं. नवरा बहिरू नर्सरीत कामाला आहे, मुलगी सई नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी सात ते दुपारी एक या वेळात त्या इंदिरानगरातल्या पाच घरांचा स्वयंपाक उरकतात. पाच घरांचं पाच तऱ्हेचं मीठ-तिखट त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मला बीपी म्हणून मीठ कमी, समोरच्या आजींना प्रत्येक भाजीत गूळ, कोपऱ्यावरच्या घरात लसूण चालत नाही. फोन खांद्यावर दाबून सईशी भांडता भांडता त्या पंचवीस पोळ्या करतात आणि त्यातली एकही करपत नाही. अशी बाई गॅसपुढे हात मागे घेऊन उभी राहिली, की बघणाऱ्याची चिडचिड होणारच.

भडका आमच्याच घरी झाला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतरी सरोजिनी, म्हणजे माझी बायको, ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतेच. ती मुख्याध्यापिका आहे, साडेसहालाच घराबाहेर पडते, त्यामुळे सकाळचं घर माझ्या ताब्यात. आमचा लायटर अशक्त झाला होता. शकुबाईंनी मला तीन आठवड्यांत चारदा सांगितलं होतं, की काका, लायटर गेला, नवा आणा. मी आणतो म्हणालो होतो. आता माझी बाजूही ऐकून घ्या. लायटर पूर्ण गेलेला नव्हता, आठ-दहा वेळा दाबला की पेटायचा. त्या दिवशीही पेटला. फक्त तोवर नॉब उघडा होता आणि कुकरखाली गॅस साठला होता. शकुबाईंचे पुढचे केस, दोन्ही भुवया आणि उजव्या हाताची पाठ भाजली. डोळे थोडक्यात वाचले, असं डॉक्टर म्हणाले. मी हातावर पाणी ओतलं, रिक्षाने दवाखान्यात नेलं, औषधं आणली, बिनकामाच्या दिवसांचा पगारही दिला. माणसाने आणखी काय करायचं, असं मला तेव्हा वाटत होतं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. हाताची साल निघाली होती, भुवया उगवत होत्या. काम तसंच झपाट्याचं, पण गॅस पेटवायची वेळ आली की त्या थबकायच्या. मी आणलेला नवा कोरा लायटर त्या हातात धरायच्या, नॉबकडे बघायच्या आणि मला हाक मारायच्या. समोरच्या आजी त्यांना कौतुकाने पेटवून द्यायच्या. पण एका घरी नवरा-बायको दोघंही सातच्या आत बाहेर पडतात. तिथे कोण पेटवून देणार? ते घर सुटलं. कोपऱ्यावरच्या घरानेही दुसऱ्या बाईची चौकशी सुरू केल्याचं कानावर आलं. गॅस पेटवता न येणारी स्वयंपाकीण कोण ठेवील? उरलेली घरं हातची जातील, हे शकुबाईंनाही दिसत होतं.

म्हणून मी प्रश्न हाती घेतला. चार्जिंगचे लायटर निघालेत, हे मला ठाऊक होतं. त्यांना गॅस भरावा लागत नाही. टोकाला दोन टाचण्या असतात आणि बटण धरून ठेवलं की त्यांच्यामध्ये जांभळी ठिणगी सलग जळत राहते. मोबाईलसारखा चार्ज करायचा. मी चार दुपारी खर्च करून लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, 'अजून उघडलेला नाही, पण छान आहे', आणि पाच तारे दिले होते. दुसऱ्याने एकच तारा दिला होता, कारण खोका चेपलेला आला. अशा लोकांच्या भरवशावर देशाचा बाजार चालतो. तरीही मी वहीत तक्ता करून एक निवडला आणि मागवला.

शकुबाईंनी तो उलटसुलट बघितला. "हा लय आखूड हाय काका. हात काय बर्नरमधी घालू?"

मी लांब मानेचा मागवला. त्याला सुरक्षेसाठी कुलूप होतं. आधी एक खटका सरकवायचा, मग बटण दाबायचं. कणकेच्या हाताने खटका सरकेना. तोही गेला परत. तिसरा मागवला तो लांबही होता आणि बिनकुलपाचाही. मी स्वतः शकुबाईंच्या हातात दिला आणि बटण दाबायला लावलं. ठिणगी चर्र करून पेटली, त्या दचकल्या आणि लायटर थेट मळलेल्या कणकेत पडला.

"याचा आवाज बेकार हाय," त्या म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! माझा संयम संपला. "शकुबाई, तुम्हाला लायटर नकोच आहे. आखूड चालत नाही, लांब चालत नाही, कुलूप नको, आवाज नको. आता काय सोन्याचा घडवून आणू? मी रोज उठणार नाही. पेटवायचा असेल तर पेटवा, नाहीतर स्पष्ट सांगा."

त्यांनी कणकेतून लायटर काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि ओट्यावर ठेवला. "पेटवायचा हाय म्हणून तर इतके बघती ना मी," एवढंच त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला दिसू नये म्हणून बेसिनकडे वळल्या. मी गॅस पेटवून दिला. भांडून जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर त्याच म्हणाल्या, "काका, दुकानात जाऊ. हातात घेऊन बघू." आमच्या भागात दिनेशचं शेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. कुकरच्या रिंगा, रबरी नळ्या, बर्नर, सगळं टांगलेलं. मी माझी वही उघडली आणि बॅटरीची क्षमता विचारायला सुरुवात केली. शकुबाईंनी मला मध्येच थांबवलं.

"भाऊ, हा पेटला नाय तर मला कसं कळंल?"

दिनेश म्हणाला, "ठिणगी दिसणार नाही ना, मावशी."

"तसं नाय. नॉब फिरवल्यावर हा पेटला नाय, तर मधल्या वेळात गॅस येतच राहिला ना? मी तवा काय करायचं?"

मी वही मिटली. इतके दिवस मी लांबी, खटका आणि बॅटरी मोजत होतो, आणि या बाईची सगळी भीती त्या मधल्या वेळाची होती. हे मी एकदाही विचारलं नव्हतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

दिनेशने दुकानातली शेगडी पुढे ओढली. "मावशी, नॉबला आधी हातच लावायचा नाही. आधी ठिणगी पेटवायची, बर्नरवर धरायची, डोळ्यांनी बघायची. मग नॉब. ठिणगी नाही दिसली तर गॅस उघडायचाच नाही." त्याने करून दाखवलं. गॅस फुस्स न होता अलगद पेटला.

"म्हणजे काडेपेटीवानी," शकुबाई म्हणाल्या. "आमची आई आधी काडी ओढायची, मग शेगडी उघडायची. या टिकटिकवाल्यांनी सगळं उलटं करून ठिवलं."

मग त्यांनी सहा लायटर मागून घेतले. प्रत्येक डाव्या हातात धरून बघितला, कारण नॉब त्यांना उजव्या हाताने फिरवायचा होता. एकाचं बटण अंगठ्याला लागेना, एकाची मान ढिली, एकाची ठिणगी उजेडात दिसेना. दिनेशची तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि पोरकट लाजेने मी रस्त्याकडे बघत होतो. शेवटी एक काळा, साधासा लायटर त्यांनी बाजूला काढला. तो आवाज करत होताच. "करू दे. आवाज आला म्हणजे पेटला म्हणायचं," त्या म्हणाल्या. मी खिशात हात घातला, तोवर त्यांनी पैसे देऊनही टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी हाक आली नाही. मी पेपर ठेवून दाराशी गेलो.

"काका, तुमी बाहेर बसा."

मी एक पाऊल मागे सरकलो, पण गेलो नाही. शकुबाईंनी डाव्या हातात लायटर धरला. ठिणगी पेटली, विझली. त्यांनी नॉबकडे गेलेला उजवा हात मागे घेतला, श्वास घेतला, पुन्हा बटण दाबलं. ठिणगी बर्नरवर स्थिर दिसू लागली, तेव्हाच नॉब फिरला. निळी ज्योत गोल पेटली. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

निघताना त्यांनी लायटर रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. मला वाईट वाटलं. मिक्सरशेजारचा एक प्लग मी सकाळीच मोकळा करून ठेवला होता. "इथेच ठेवा की," मी म्हणालो. "रोज रात्री मी चार्ज करून ठेवीन. तुमच्यासाठी एवढं तरी करतो."

"नको काका," चपला घालता घालता त्या म्हणाल्या. "मी घरीच करीन. दुसऱ्यावर टाकलं की राहून जातं, आणि भाजतं मला."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या, तर माझ्याकडे उत्तर होतं.