धाकटीचा गालिचा

आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. एका सुनेला काही घेतलं की दुसरीला तस्संच घ्यायचं. येवल्याहून पैठणी आणली तर दोन, कुकर दोन, अगदी पुरणयंत्रंसुद्धा दोन. रंगात फरक असेल तर पहिली निवड माझी, कारण मी थोरली. दोन्ही पैठण्या समोर मांडल्या जायच्या, मी एक उचलायची, उरलेली धाकट्या जावेची. आणि घरी येऊन घडी मोडली की मला हटकून वाटायचं, तिच्याकडे गेली तीच जास्त चांगली होती. हे मी कधी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

सासूबाई गेल्या आणि दोन वर्षांनी धाकटीकडे गालिचा आला. एकच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिच्याकडे इंदिरानगरला गेले, दारात चपला काढल्या आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं ते थेट त्याच्यावर. आधी पायांना कळलं, मग डोळ्यांना. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, डाळिंबी रंगाचा. कडेने गडद निळा काठ, मधोमध परातीएवढं फूल आणि त्याच्याभोवती बारीक वेलबुट्टी. बायका वाण घ्यायचं सोडून त्याच्यावरून हात फिरवत बसल्या होत्या. धाकटी तिळगूळ वाटता वाटता प्रत्येकीला तीच गोष्ट सांगत होती. तिची झाडांची लहानशी नर्सरी आहे. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यात ती कुंड्या द्यायची आणि बाग बघायची. तिथल्या फौजी साहेबांच्या पत्नी नाशिक सोडून मुलीकडे निघाल्या, तेव्हा सामान काढून टाकत होत्या. त्या हिला म्हणाल्या, हा माझ्या सासऱ्यांनी इराणहून आणला होता, हाताने एकेक गाठ मारून विणलेला आहे, तू माझी झाडं जीव लावून सांभाळलीस, तूच ने.

म्हणजे बघा. ना हिने शोधला, ना हिला त्यातलं काही कळत होतं. मी आयुष्यभर चार दुकानं हिंडल्याशिवाय साधी चादर घेतली नाही, आणि हिच्या घरी गालिचा आपल्या पायांनी चालत आला! माझा नुसता जळफळाट झाला. वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी पर्समध्ये टाकत मी म्हणाले, "छान आहे हं. पण असला माल धूळ फार धरतो."

"हो ना ताई," ती हसत म्हणाली, "रोज झाडावा लागतो."

तिला टोमणा कळला नाही. माझे टोमणे तिला कधीच कळत नाहीत. या बाईशी धड भांडताही येत नाही.

घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना सांगितलं, आपल्यालाही गालिचा घ्यायचाय. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "केवढा?" मी म्हणाले, "तिच्याहून हातभर मोठा." पेपरामागून हसण्याचा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कॉलेज रोडवर एका हॉलमध्ये गालिच्यांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे काश्मीरकडचे एक वयस्कर व्यापारी होते, मेंदी लावलेली दाढी, आवाज मऊ. मी एका मोठ्या लाल गालिच्यासमोर उभी राहिले तसे ते म्हणाले, "बहनजी, सामने से तो सभी अच्छे लगते हैं। पीठ देखिए।"

हे मला पटकन कळलं, कारण सासूबाईंनी पैठणी घेताना हेच शिकवलं होतं. पदर आधी उलटा करून बघायचा. त्यांनी गालिच्याचा कोपरा उलटला. हाताने विणलेल्याच्या पाठीवरही नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. गाठी जवळून बघितल्या तर एकसारख्या नसतात, एखादी ओळ जराशी तिरकी जाते. टोकाची झालर वेगळी शिवलेली नसते, विणीचेच धागे शेवटी मोकळे सोडलेले असतात. एका गालिच्यावर निळ्या रंगाचा एक पट्टा मध्येच फिका झाला होता. मी नाक मुरडलं. ते म्हणाले, "ये ऐब नहीं है। रँगा हुआ धागा ख़त्म हुआ, दूसरा रँगा, ज़रा फ़र्क़ आ गया। मशीन से ये होता ही नहीं। जानकार लोग यही ढूँढते हैं।"

मग त्यांनी मला विचारलं, हॉल केवढा आहे, ऊन कुठून येतं, जमिनीवर कोण बसतं. मी सांगितलं, खिडकी पूर्वेला, खाली मीच बसते, भाजी निवडायला. त्यांनी ढिगातून एक लहान गालिचा काढला. फिक्या निळ्या रंगाचा, कडेने बदामी, दिवाण आणि खिडकीच्या मधे बरोब्बर बसेल असा. खरं सांगते, तो माझ्याच घरासाठी विणल्यासारखा होता, आणि आम्हाला परवडणाराही. मी त्याच्यावर हात ठेवला आणि हात उचलूच नये असं झालं. पण तो पाच फुटांचा होता. तिचा नऊ फुटांचा. मी "बघते, सांगते" म्हणून निघून आले. इतकी मूर्ख बाई मी दुसरी पाहिली नाही.

रिकाम्या हाताने आले, पण शहाणपण घेऊन आले, आणि ते गप्प बसू देईना. आता माझ्या मनात एकच होतं. धाकटीच्या गालिच्याची पाठ बघायची. तो मशीनचा निघाला तर माझा प्रश्नच मिटला.

मला जावं लागलं नाही, तिनेच बोलावलं. फोनवर म्हणाली, "ताई, तुम्ही प्रदर्शनात सगळं समजून घेतलंत म्हणे. जरा येऊन आमचा बघता का? मला एक शंका आहे."

मी दुपारीच रिक्षा केली. गेल्या गेल्या गुडघ्यांवर बसले आणि कोपरा उलटला. पाठीवर फूल, वेल, पान, सगळं जसंच्या तसं. गाठी बारीक, घट्ट, कुठे जराशा वाकड्या. झालर अंगातूनच निघालेली. खराच होता. प्रदर्शनातल्या कित्येकांपेक्षा सरस होता.

"हे बघा," धाकटी खिडकीकडच्या टोकाला बसून म्हणाली. तिथे डाळिंबी रंगाचा चार बोटं रुंद पट्टा फिका झाला होता, पिकत आलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा. "इथे रंग वेगळाच आहे. आधी मला दिसलाच नव्हता. फसवलं का हो मला त्यांनी? खरं सांगा, ताई. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

तिने असं म्हणायला नको होतं. तुम्ही म्हणाल ते मी मानेन! घरात तिसरं कुणी नव्हतं. मी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. तो खरेपणाचा पुरावा होता, आणि तोच हातात घेऊन मी म्हणाले, "मशीनचा आहे गं. मशीनमध्येच असा रंग चुकतो. चांगल्या मालात असं होत नाही."

तिचा चेहरा एवढासा झाला. मग ती म्हणाली, "जाऊ दे. बाई मनाने चांगल्या होत्या, त्यांनाही माहीत नसेल." आणि माझ्यासाठी पोहे करायला उठली. मी ते पोहे खाल्ले, वर लिंबू मागून घेतलं. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं. ते आठवलं की आज लाज वाटते, पण तेव्हा हलकंच वाटत होतं.

दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. धाकटी उतरली आणि मागून रिक्षावाला जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वळकटी घेऊन आला. तिने ती माझ्या हॉलमध्ये सोडली, चादर ओढली आणि पायाने ढकलून उलगडली.

डाळिंबी रंग, निळा काठ, एका टोकाला झालर. दुसऱ्या टोकाला काळ्या कापडाची पट्टी शिवलेली. आणि त्या पट्टीला टेकलेलं अर्धं फूल.

"सोफ्याची कव्हरं शिवतो ना, त्याच्याकडून कापून घेतला," ती उत्साहाने सांगत होती. "खूप कुरकुरला हो. म्हणे एवढा घट्ट माल आजवर कापला नाही, कात्रीच चालेना. पण मी म्हटलं, मशीनचाच तर आहे, काप बिनधास्त. खरा असता तर मी हात लावू दिला नसता."

मी वाकून त्या काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"हळदीकुंकवाच्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते, ताई. तुम्हाला किती आवडला होता ते कळत होतं मला. आई असत्या तर त्यांनी दोन आणले असते. मला कुठून दोन मिळणार? म्हणून एकाचेच दोन केले." मग ती वाकली, एक घडी सरळ केली आणि म्हणाली, "रंग चुकलेला भाग मी ठेवलाय. तुमच्याकडे येणंजाणं जास्त, तुम्हाला चांगला हवा."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. पण सांगून काय जोडलं जाणार होतं? आणि सांगितल्यावर तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं? मी म्हणाले, "बस, चहा टाकते." स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. आमच्याकडे येणारे सगळे विचारतात, एवढा सुरेख गालिचा मध्येच कसा कापलेला? हे म्हणतात, जावाजावांचं प्रेम आहे. मी पाण्याचे ग्लास आणायला आत जाते.

परवा तिच्याकडे गेले होते. चार वाजताचं ऊन खिडकीतून थेट गालिच्यावर आलं होतं. तिच्या अर्ध्यावर. गडद डाळिंबी रंगातून तो फिका पट्टा असा उजळला होता की मला नजर काढता येईना. सबंध गालिच्यात तेवढीच जागा सगळ्यात सुंदर होती, आणि मी तिथेच बोट ठेवून खोटं बोलले होते.

"काय बघताय, ताई?" तिने विचारलं. "तुमचाच अर्धा चांगला आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "माझाच."

आणि तेव्हासुद्धा मला तिचाच हवा होता.